पंच नसलेल्या खेळात नियम कोण राखतो? गोल्फच्या स्थानिक स्पर्धांविषयी थोडे सविस्तर

फेब्रुवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा मैदानावर जॉर्डन स्पीथ हा जगातल्या नामवंत गोल्फपटूंपैकी एक स्पर्धेतून बाद झाला. त्याने कुणाशी भांडण केले नव्हते की काही लपवले नव्हते. दुसऱ्या फेरीत चौथ्या होलवर त्याला चार फटके लागले होते आणि फटके नोंदवायच्या कार्डावर आकडा पडला तीन. त्या कार्डाखाली त्याने सही केली, कार्ड दिले आणि स्पर्धा तिथेच संपली.

फुटबॉलवर वाढलेल्या गोव्यातल्या वाचकाला अशा बातमीत पहिला प्रश्न पडतो तो हा, की रेफरी काय करत होता? एवढी माणसे बघत होती, कॅमेरे होते, मग आकडा दुरुस्त का केला नाही? आणि दुसरा प्रश्न लगेच मागून येतो. टीव्हीवरच्या स्पर्धेत हे असे, तर आपल्याकडे एखाद्या रविवारी चाळीस-पन्नास माणसे जमून जी स्पर्धा होते, तिथे नियम पाळले जातात की नाही हे बघतो कोण?

गोव्यात गोल्फचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा जमिनीच्या वादातून. तेरेखोलच्या नियोजित मैदानाचा झगडा बहुतेकांना ठाऊक आहे. तो विषय गंभीर आहे, आणि वेगळा आहे. इथे बोलायचे आहे ते प्रत्यक्ष खेळाविषयी. काणकोणात राजबागला नऊ होलचे आणि मोबोरला बारा होलचे मैदान घडवले गेले, त्यावर गोव्यातली माणसे खेळू लागली. काहीजण स्पर्धांसाठी बेळगावला, पुण्याला जातात. खेळणारे थोडे, सगळे एकमेकांना ओळखणारे. नियमांचा प्रश्न अवघड होतो तो नेमका इथेच.

आधी खेळ समजून घेऊ

ठरलेल्या जागेवरून चेंडू मारत मारत लांबच्या हिरवळीवरच्या भोकात घालायचा, हा एक होल. एका होलला चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत याचा ठरलेला आकडा म्हणजे पार. असे होल क्रमाने खेळले की एक फेरी होते. फेरी अठराचीच हवी असे अनेकांना वाटते, पण नियमांच्या व्याख्येत ‘अठरा किंवा त्याहून कमी’ असेच आहे. म्हणजे नऊ होलच्या मैदानावरची स्पर्धा ही दुय्यम किंवा निम्मी स्पर्धा नव्हे. तिथेही नियम पूर्ण लागू होतात.

स्पर्धेचे मुख्य प्रकार दोन. स्ट्रोक प्ले म्हणजे सगळ्या फेरीचे फटके मोजायचे, सर्वांत कमी फटके लागले तो जिंकला. मॅच प्ले म्हणजे दोघांची समोरासमोर लढत, प्रत्येक होल कोण जिंकतो ते बघायचे. हा फरक लक्षात ठेवा, कारण स्थानिक स्पर्धांतले निम्मे घोळ इथूनच सुरू होतात.

पंच का नसतो?

मैदान पसरलेले असते. तीन-तीन, चार-चार जणांचे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवर खेळत असतात. प्रत्येक गटामागे पंच द्यायचा तर खेळाडूंइतकीच पंचांची फौज लागेल. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांतही रेफरी गाडीतून फिरतात आणि बोलावल्यावर येतात. म्हणून या खेळाचे नियम पहिल्यापासून दुसऱ्या पायावर उभे आहेत: आपला नियमभंग आपणच ओळखायचा, आपणच सांगायचा आणि दंड आपणच मोजायचा.

नियम ठरवतात दोन संस्था, ब्रिटनमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए. २०१९ मध्ये त्यांनी ३४ नियमांचे २४ केले आणि भाषा बरीच सोपी केली; २०२३ मध्ये पुन्हा काही सुधारणा झाल्या. भारतात हौशी गोल्फचा कारभार १९५५ मध्ये स्थापन झालेली इंडियन गोल्फ युनियन पाहते. पण प्रत्यक्ष स्पर्धेच्या दिवशी सर्व अधिकार असतो तो त्या स्पर्धेच्या कमिटीकडे, म्हणजे क्लबच्या किंवा आयोजकांच्या दोन-चार माणसांकडे.

खेळाडू आणि कमिटी यांच्या मध्ये आणखी एक माणूस असतो, मार्कर. गटातलाच एक खेळाडू दुसऱ्याचे फटके लिहितो आणि शेवटी सही करतो, तो मार्कर. मार्कर निर्णय देत नाही. तो साक्षीदार असतो.

कुळागरात पाटाच्या पाण्याची पाळी असते, तशी ही व्यवस्था आहे. रात्री आपल्या पाळीला उठून पाणी फिरवायचे, वेळ झाली की पुढच्याकडे सोडायचे. तिथे घड्याळ घेऊन कुणी उभा नसतो. अर्धा तास जास्त घेतला तर ज्याचे नुकसान होते तो खालच्या बाजूला झोपलेला असतो आणि त्याला कळतही नाही. गोल्फमध्येही नियमभंगाने ज्याचे नुकसान होते तो तुमच्या गटात नसतो. तो तीन होल पुढे किंवा मागे, झाडांपलीकडे, आपले फटके प्रामाणिकपणे मोजत असतो.

एका आकड्यासाठी बाद? कार्डाचा नियम

आता स्पीथकडे परत येऊ. नियम असा: कार्डावर एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून कार्ड दिले तर खेळाडू बाद. खऱ्यापेक्षा जास्त लिहिला तर तो जास्तीचा आकडाच कायम.

दुसऱ्या भागाची किंमत रॉबर्तो दे विसेन्झो या अर्जेंटिनाच्या खेळाडूने मोजली. १४ एप्रिल १९६८, त्याचा ४५वा वाढदिवस, मास्टर्स स्पर्धेची शेवटची फेरी. सतराव्या होलवर त्याने तीन फटके घेतले होते. मार्कर असलेल्या टॉमी एरनने चार लिहिले. दे विसेन्झोने न पाहता सही केली. ६५ ची फेरी ६६ ठरली, बॉब गोल्बीशी होणारी बरोबरी हुकली आणि बरोबरीनंतर जेतेपद ठरवायला होणारी जादा लढत, म्हणजे प्लेऑफ, झालाच नाही. सगळ्या जगाने तो फटका पाहिला होता. तरी कार्ड बदलले नाही.

हे क्रूर वाटते हे मला मान्य आहे. पण यामागचे कारण समजून घ्या. गोल्फमध्ये सहीचे कार्ड हाच एकमेव पुरावा असतो. त्या सहीनंतर ‘चुकून झाले’ ही सबब एकदा चालू दिली, की ज्याची चूक पकडली गेली नाही त्याला मुभा मिळते आणि ज्याची पकडली गेली त्याला दुरुस्तीची संधी मिळते. दोघेही फायद्यात राहतात.

गेल्या काही वर्षांत हा नियम बराच माणुसकीचा झाला आहे, हेही सांगायला हवे. एखादा दंड लागू होतो हे खेळाडूला ठाऊकच नव्हते, म्हणून त्याने तो मोजला नाही, तर आता तो बाद होत नाही. राहिलेले दंडाचे फटके नंतर मिळवले जातात. कार्डावर हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, लिहिण्याची खेळाडूवरची जबाबदारी २०२३ पासून काढली, ते काम कमिटीचे. सही राहून गेली तर बाद करण्याऐवजी दोन फटक्यांचा दंड लावण्याची सोयही कमिटीला स्थानिक नियम करून ठेवता येते. छोट्या स्पर्धेच्या आयोजकांनी हा स्थानिक नियम जरूर घ्यावा. फेरी संपल्यावर जेवणाच्या गडबडीत सही विसरणे ही कुणाच्याही हातून होणारी गोष्ट आहे.

नियम वाचवतोही: कुर्लीचे बीळ, माड आणि पाऊस

नियम म्हणजे शिक्षेची यादी, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. खरे तर नियम माहीत नसल्याने फुकट मिळणारी सवलत सोडून देणारेच जास्त दिसतात. आपल्या किनाऱ्यालगतच्या जमिनीची उदाहरणे घेऊ.

चेंडू कुर्लीच्या बिळात गेला. बरेच जण दात-ओठ खाऊन तिथूनच मारतात किंवा एक फटका दंड घेतात. नियमांतल्या ‘प्राणी’ या व्याख्येत साप, पक्षी यांच्याबरोबर खेकड्यासारखे कवचधारी जीवही येतात, आणि प्राण्याने खणलेल्या बिळापासून दंडाशिवाय सुटका मिळते. जिथे बिळाचा अडथळा राहत नाही अशी सर्वांत जवळची, पण भोकाच्या अधिक जवळ न जाणारी जागा शोधायची, तिथून चेंडू मारायच्या एका काठीच्या अंतरात गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. गांडुळे आणि कीटक यांची भोके मात्र यात धरत नाहीत.

माडाची गळलेली झावळी किंवा खाली पडलेला नारळ चेंडूच्या वाटेत आहे. सुटी पडलेली नैसर्गिक वस्तू म्हणून तो बाजूला करता येतो. पण बाजूला करताना, भोकाभोवतीच्या हिरवळीबाहेर, चेंडू हलला तर एक फटका दंड आणि चेंडू परत जागेवर. झावळी अजून झाडाला लोंबत असेल तर तिला हात लावायचा नाही. भटका कुत्रा थांबलेला चेंडू तोंडात धरून पळाला, आणि ते नक्की ठाऊक असेल, तर चेंडू, तो मिळाला नाही तर दुसरा, मूळ जागी ठेवायचा, दंड नाही.

वारुळाचा प्रश्न आपल्याकडचा खास. नियमाच्या व्याख्येप्रमाणे कीटकांनी रचलेले ढिगारे हेही बाजूला करता येण्याजोग्या सुट्या वस्तूंत मोडतात. पण ज्या भूमीत सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते तिथे ते कुणी मोडणार नाही आणि कुणी मोडूही नये. यासाठी कमिटीने आधीच वारुळाभोवती रेघ मारून तो भाग खेळण्यास मनाई असलेला म्हणून जाहीर करावा. मग चेंडू तिथे गेला तरी खेळाडूला बाहेर येऊनच खेळावे लागते आणि त्याला दंडही नाही. नियमाला स्थानिक रूप देण्याची ही जागा आहे, आणि ती फार थोड्या ठिकाणी वापरली जाते.

पावसाचे पाणी साचले असेल आणि उभे राहताना ते डोळ्यांना दिसत असेल, तर तिथूनही फुकट सुटका मिळते. दव मात्र साचलेले पाणी नव्हे. साप दिसला किंवा मधमाश्यांचे पोळे जवळ असले तरी जीव धोक्यात घालून मारायची सक्ती नाही; सुरक्षित जागी येण्याची सोय आहे. आणि ऑक्टोबरच्या विजांच्या दिवसांत एक नियम कधीच सैल करू नये: धोक्याचा संकेत झाला की फटका अर्धवट सोडून तत्काळ थांबायचे. न थांबणारा बाद. संकेत झाला नसला, तरी वीज पडण्याची भीती वाटली म्हणून खेळाडू स्वतःहून थांबू शकतो.

नियम आठवत नसेल, जवळ विचारायला कुणी नसेल, तर स्ट्रोक प्लेमध्ये एक सुंदर वाट आहे. मार्करला सांगून त्या होलपुरते दोन चेंडू खेळायचे, कोणता मोजला जावा असे वाटते ते आधी जाहीर करायचे आणि कार्ड देण्यापूर्वी कमिटीला सगळे सांगायचे. वाद घालत मागच्या गटाला ताटकळत ठेवायची गरजच उरत नाही.

सर्वांत अवघड नियम: गप्प न बसणे

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. स्थानिक स्पर्धा बिघडतात त्या लबाडांमुळे कमी आणि भिडस्तांमुळे जास्त, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रसंग नेहमीचा आहे. गटातल्या एकाचा चेंडू गवतात गेला. शोधायला तीन मिनिटे मिळतात; पाच झाली. मग चेंडू ‘सापडला’, तोही चांगल्या उघड्या जागेवर. दोघांनी पाहिले. एकाने दुसऱ्याकडे बघितले. दुसरा हळूच म्हणाला, “सोड रे, आपलोच मनीस तो.” आणि विषय संपला.

या ठिकाणी नियम काय म्हणतो ते फार कमी खेळाडूंनी वाचलेले असते. दुसऱ्याने नियम मोडला आहे असे तुम्हाला ठाऊक असेल किंवा वाटत असेल, आणि तो ते ओळखत नसेल किंवा दुर्लक्ष करत असेल, तर तुम्ही त्याला, त्याच्या मार्करला, रेफरीला किंवा कमिटीला सांगायला हवे. लगेच सांगायचे, फार तर त्याने कार्ड देण्याआधी. न सांगणे हे गंभीर गैरवर्तन ठरले तर कमिटी गप्प बसणाऱ्यालाही बाद करू शकते.

म्हणजे ज्याला आपण चहाडी म्हणतो, तो इथे खेळाडूच्या कर्तव्याचा भाग आहे. कारण त्या गटाबाहेरच्या सर्वांचे डोळे तुम्हीच आहात.

याहून कडक नियम संगनमताचा आहे. एखादा नियम किंवा दंड लागू होतो हे माहीत असून दोन खेळाडूंनी ‘आज तो धरायचा नाही’ असे ठरवले, तर दोघेही बाद. आपल्याकडे हे अगदी सहज, चांगल्या मनाने घडते. चेंडू होलपासून वीतभर राहिला की “उचल, धरला” म्हणायची सवय आहे. मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याला असा फटका सोडता येतो, ते नियमात बसते. स्ट्रोक प्लेमध्ये मुळीच नाही. तिथे प्रत्येक होलवर चेंडू भोकात गेलाच पाहिजे. न घालता उचलला आणि पुढच्या होलचा पहिला फटका मारण्याआधी चूक सुधारली नाही, तर बाद. रविवारच्या खेळातली सवय स्पर्धेत शिरते, आणि एकाने मोठेपणाने सोडलेली ती वीत इतर सगळ्यांच्या खिशातून जाते.

बोलायचे कसे, हेही शिकता येते. आरोप करू नये, प्रश्न विचारावा. “काका, हा तुमचाच चेंडू ना? एकदा खूण बघूया का?” वयाने मोठ्या माणसालाही हे विचारता येते आणि त्याचा मान राहतो. समोरच्याने ऐकले नाही तर वाद न वाढवता शेवटी कमिटीच्या टेबलापाशी जाऊन, त्याच्यासमोरच, जे पाहिले तेवढेच सांगावे. हेतूविषयी बोलू नये.

हँडिकॅप: आठवडे आधी होणारी लबाडी

वेगवेगळ्या ताकदीच्या खेळाडूंना एकत्र खेळता यावे म्हणून कच्च्या खेळाडूला जी फटक्यांची सूट मिळते ती हँडिकॅप. २०२० पासून यासाठी जगभर एकच पद्धत लागू होऊ लागली. त्यात शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठांची सरासरी काढतात, मैदान किती कठीण हे त्यात धरतात. सूट जास्तीत जास्त ५४ पर्यंत जाऊ शकते.

आता हिशेब बघा. समजा मैदान साध्या काठिण्याचे आणि पार ७२ चे आहे. एक खेळाडू खरे तर ९० फटक्यांत फेरी संपवतो. त्याची सूट सुमारे १८ असायला हवी. पण तो काही महिने मुद्दाम ९७ च्या आसपासची कार्डे देतो आणि चांगल्या फेऱ्यांची कार्डे देतच नाही. त्याची सूट २५ होते. मोठ्या स्पर्धेच्या दिवशी तो नेहमीसारखा ९० खेळतो, निव्वळ आकडा ६५. ज्याने सगळी कार्डे इमानेइतबारे दिली त्याला असा आकडा गाठताच येत नाही. त्या दिवशी मैदानावर एकही नियम मोडला गेला नाही आणि तरी बक्षीस चोरीला गेले.

या पद्धतीत यावर थोडा लगाम आहे. खेळाडूने आपल्या हँडिकॅपपेक्षा ७ किंवा जास्त फटक्यांनी सरस फेरी खेळली तर सूट आपोआप १ ने कमी होते, १० किंवा जास्त असेल तर २ ने. वर्षभरात सूट किती वाढू शकते यालाही मर्यादा आहे. पण खरा उपाय क्लबच्या हँडिकॅप कमिटीकडे आहे. तिला एखाद्याची सूट कारण देऊन बदलण्याचा अधिकार असतो. आणि सर्वांच्या फेऱ्या सर्वांना दिसल्या पाहिजेत, हा त्या पद्धतीचा पायाच आहे. ज्यांच्याबरोबर तुम्ही रोज खेळता त्यांना तुमची खरी ताकद कोणत्याही गणिताहून जास्त ठाऊक असते.

प्रोफेशनल, कमिटी आणि कॅडी

क्लबमधला प्रोफेशनल, म्हणजे खेळ शिकवून किंवा खेळून पोट भरणारा, बहुधा एकाच वेळी पाच कामे करतो. शिकवणी, दुकान, होलच्या जागा ठरवणे, स्पर्धेचा निकाल लावणे आणि कधी स्वतः खेळणे. ज्याच्या शिकवणीच्या फीवर आपले घर चालते त्याच्याविरुद्ध निर्णय द्यायची वेळ आली, तर त्या माणसावर किती ओझे येते याचा विचार आयोजकांनी करायला हवा. त्याची परीक्षा बघण्यापेक्षा त्याला त्या पेचातून बाहेर ठेवणे शहाणपणाचे. निर्णय देणारे तीनजण आधी जाहीर करावेत, त्यातला जो खेळत असेल त्याने आपल्या गटाविषयी निर्णय देऊ नये, शिष्याचा किंवा नातेवाइकाचा विषय आला तर बाजूला व्हावे.

शिकवणाऱ्याची एक सवयही अंगाशी येते. वैयक्तिक स्ट्रोक प्ले स्पर्धेत दुसऱ्याला “मनगट सैल सोड” असे सांगणे म्हणजे सल्ला, आणि सल्ला देणाऱ्याला दोन फटके दंड आहे. नियम समजावून सांगणे किंवा होलपर्यंतचे अंतर सांगणे हा सल्ला नव्हे.

हौशी खेळाडूला बक्षिसाची मर्यादा आहे: २०२२ च्या नियमांप्रमाणे ७०० पौंड किंवा १००० डॉलर. त्या मर्यादेत रोख रक्कम चालते ती सूट न धरता खेळलेल्या स्पर्धेत. हँडिकॅपच्या स्पर्धेत रोख बक्षीस हौशी खेळाडूने घेऊ नये. प्रायोजक उत्साहाने पाकिटे वाटतात तेव्हा हे त्यांना सांगणे आयोजकांचे काम आहे. नाहीतर एखाद्या होतकरू मुलाचा हौशी दर्जा कुणाच्या ध्यानीमनी नसताना धोक्यात येतो.

आणि कॅडी, खेळाडूच्या काठ्या वाहणारा मदतनीस. चेंडू कुठे होता, पायाने सरकवला की नाही, हे सर्वांत आधी त्याला दिसते. पण त्याची मजुरी आणि वरची बक्षिसी त्याच खेळाडूच्या हातात. नियमानुसार कॅडीच्या चुकीची जबाबदारी खेळाडूची आहे, म्हणून दोष त्याच्यावर ढकलून कुणाला सुटता येत नाही. मला मनापासून वाटते की कॅडीची मजुरी स्पर्धेच्या दिवशी कमिटीने द्यावी, आणि त्याच्याकडून काही विचारायचे झाले तर ते एकांतात विचारावे. गरीब माणसाला दहाजणांसमोर उभे करून सत्य बोलायला लावणे हा न्याय नव्हे.

“मोबाईलवर व्हिडिओ आहे की!”

आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, मग वाद कशाला, असे वाटेल. २०१७ मध्ये लेक्सी थॉम्पसन एका मोठ्या स्पर्धेत आघाडीवर असताना टीव्ही पाहणाऱ्या कुणीतरी ईमेल केला, की आदल्या दिवशी तिने हिरवळीवर चेंडू परत ठेवताना जागा थोडी चुकवली होती. चुकीच्या जागेसाठी दोन आणि चुकीच्या कार्डासाठी दोन असे चार फटके तिला दुसऱ्या दिवशी, खेळ चालू असताना लागले. ती प्लेऑफमध्ये हरली. त्यानंतर प्रेक्षकांच्या तक्रारी घेणे बंद झाले.

आजचा नियम असा, की जी गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते ती व्हिडिओत दिसली तरी सोडून द्यायची. चेंडू ठेवायच्या जागेचा अंदाज प्रामाणिकपणे, योग्य काळजी घेऊन केला असेल, तर नंतर मोजमापात तो चुकला तरी दंड नाही. पण डोळ्यांना दिसण्यासारखे होते असे ठरले तर व्हिडिओ चालतो. जुलै २०२५ मध्ये पोर्टरशच्या ओपन स्पर्धेत शेन लॉरीने सरावाचा झोका घेताना चेंडू किंचित हलला. आपण ते पाहिले नाही असे तो म्हणाला, चित्रण पाहून दोन फटक्यांचा दंड झाला आणि त्याने तो स्वीकारला.

“स्वतःहून कोण कबूल करतो हो?”

करतात. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने आपला चेंडू हलला असे सांगून स्वतःला एक फटका दंड लावला. तो हललेला दुसऱ्या कुणाला दिसला नव्हता. चार फेऱ्यांनंतर बरोबरी झाली आणि तो प्लेऑफमध्ये हरला. २०१० मध्ये ब्रायन डेव्हिस अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या आपल्या पहिल्या विजयासाठी जिम फ्युरिकशी प्लेऑफ खेळत होता. काठी मागे नेताना ती एका सुट्या बोरूला लागल्याचा संशय त्यालाच आला, त्यानेच अधिकाऱ्याला बोलावले, दोन फटके गेले आणि स्पर्धाही. २०१९ पासून त्या स्पर्शाला दंडच उरलेला नाही. पण त्या दिवशी होता, आणि त्याने तो घेतला.

“तिथे लाखो डॉलर असतात, आमच्याकडे एक कप आणि जेवण. एवढा कायदा कशाला?” हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. मैत्रीचा खेळ मैत्रीच्या रीतीने खेळायला काहीच हरकत नाही. सैल नियम हवे असतील तर ते आधी, लेखी आणि सर्वांना सारखे लागू होतील असे जाहीर करा. हरवलेल्या चेंडूसाठी मागे न जाता दोन फटके घेऊन पुढे खेळण्याचा अधिकृत स्थानिक नियम खास अशा हौशी खेळासाठीच आहे. एका होलवर जास्तीत जास्त किती फटके मोजायचे हेही ठरवता येते. वर्तनाची नियमावली फलकावर लावली तर रागाने काठी आपटणाऱ्याला एक किंवा दोन फटके दंड करता येतो. ती लावली नसेल तर कमिटीच्या हातात बाद करण्याखेरीज दुसरी शिक्षाच नसते, आणि मग ती कुणीच करत नाही.

बक्षीस वाटून झाल्यावर कळले तर?

निकाल अधिकृतपणे जाहीर झाला की स्पर्धा बंद झाली असे धरतात. त्यानंतर तीन आठवड्यांनी कुणी येऊन सांगितले, की विजेत्याने अमुक होलवर दंड मोजला नव्हता, तर कमिटीने एकच गोष्ट शोधायची: स्पर्धा बंद होण्याआधी त्याला ते ठाऊक होते का? ठाऊक नव्हते, प्रामाणिक अज्ञान होते, तर निकाल तसाच राहतो. ठाऊक होते, तर मुदत कसलीही नाही. तो बाद होतो आणि कप दुसऱ्याच्या घरी जातो. चौकशीत मार्करलाही तोच प्रश्न विचारायचा असतो, कारण खोटा आकडा आहे हे माहीत असून सही करणारा मार्कर स्वतः त्या स्पर्धेत खेळत असेल, तर नियमाप्रमाणे त्यालाही बाद करायला हवे.